न दिसणे आणि नसणे

संगणकावर कार्यप्रणालीची नवी आवृत्ती चढविली की पुष्कळदा असे घडते की, कालपर्यंत बिनतक्रार जगाशी संधान बांधणारे यंत्र आज आपल्यापाशी नेटवर्क कार्डच नसल्याचे जाहीर करते, आणि मालक बिचारा कार्ड जळाले असे समजून नव्याची तजवीज करू लागतो. वास्तविक कार्ड आपल्या खाचेत शाबूत असते. त्याच्याकडून काम करवून घेणारा ड्रायव्हर तेवढा गैरहजर असतो. यंत्राचा हा 'नाही'चा दाखला कितपत ग्राह्य मानावा, हा प्रश्न दुरुस्तीचा तसाच प्रमाणशास्त्राचाही आहे.

मीमांसक कुमारिल भट्टाच्या परंपरेने अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते मानले नाही. परंतु एका अटीविषयी दोघांचे एकमत आहे : वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी सारी सामग्री हजर असताना ती दिसली नाही, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलीत घट न दिसल्याने घटाभाव ठरत नाही. कुंभार्ली घाट उतरून पोफळीला येणाऱ्या प्रवाशाला रस्त्यावरून जनित्र दिसत नाही. पण निसर्गतः पूर्वेला कृष्णेकडे जाणारे कोयनेचे पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवून १९६२ पासून वीज निर्माण करणारे तेथील वीजगृह डोंगराच्या पोटात आहे, आणि त्या प्रवाशाच्या न दिसण्याला कवडीचीही किंमत नाही.

संगणकातही हा विवेक करावा लागतो. जोडण्यांच्या यादीत कार्डाचे नाव नसणे ही अयोग्य, म्हणजे ती अट न पाळणारी, अनुपलब्धी होय, कारण तेथे नाव चढविणे हे ड्रायव्हरचेच काम. मात्र प्रत्येक पीसीआय कार्ड उत्पादकाचा व नमुन्याचा क्रमांक स्वतःजवळ बाळगते, आणि तो वाचण्यास ड्रायव्हर लागत नाही : लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा तो दाखविते, विंडोजमध्ये तो डिव्हाइस मॅनेजरमधील पिवळ्या उद्गारचिन्हाच्या नोंदीखाली 'हार्डवेअर आयडी' म्हणून सापडतो. उत्पादकाच्या जागी '१०ईसी' दिसले की कार्ड रिअलटेकचे, हे ठरले. तेथेही काही नसेल, बायोसमध्ये कार्ड बंद केलेले नसेल आणि ते खाचेत नीट बसलेले असेल, तेव्हाच अभावाची भाषा करण्याची मुभा. पुढची गंमत अशी की, ड्रायव्हर आणावयाचा नेटवर्कवरून आणि नेटवर्क मिळावयाचे ड्रायव्हरमुळे, असा शुद्ध अन्योन्याश्रय येथे उभा राहतो. तो दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हने आणलेल्या फायलीने, म्हणजे बाहेरच्या तिसऱ्या पदार्थानेच, तुटतो.

आता हीच अट ईश्वराच्या अस्तित्वाच्या वादाला लावून पाहू. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, या आक्षेपाला नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, हेच उत्तर दिले : जो दर्शनयोग्यच नाही, त्याचे अदर्शन बाधक कसे? मग सशाचे शिंगही असेच वाचेल, या शंकेलाही त्यांनी तोंड दिले आहे. शिंग ही दिसण्याजोगी वस्तू असल्याने तिचे न दिसणे निर्णायक ठरते. युक्तिवाद चोख आहे, पण त्याने ईश्वराची फिर्यादीतून सुटका होते, अस्तित्वाची सनद मिळत नाही; आणि भाविक मंडळी सर्रास ही सुटकाच सनद म्हणून मिरवितात. उदयन तसे भोळे नव्हते. म्हणूनच पाचव्या स्तबकात त्यांनी स्वतंत्र साधक प्रमाणे मांडली, ज्यांत पहिले कार्यावरून कर्त्याचे अनुमान आहे.

या जातीच्या अनुमानाला मात्र एक जुनी हरकत आहे. नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाला असे अनुमान करावे, तर ती बांध घातल्यानेही फुगू शकते, असे न्यायसूत्रातील पूर्वपक्षी म्हणतो. त्याने चिपळूणची वाशिष्ठी पाहिली असती तर त्याला आणखी बळ मिळाले असते, कारण पोफळीचे पाणी कोळकेवाडीमार्गे अवजल म्हणून तिच्यात येते आणि वैशाखातही, आभाळात ढग नसताना, तिचे पात्र भरते. न्यायसूत्राचा भाष्यकार वात्स्यायन याचे उत्तर असे की, पावसाच्या पुराला फेस असतो आणि तो पानेफळे, लाकडे वाहून आणतो. विशेष पाहून अनुमान करावे. जगाकडे बोट दाखवून कर्ता सिद्ध करू पाहणाऱ्यानेही घट-पटांच्या निर्मितीशी असलेले नुसते साम्य न सांगता, या कार्यावर कर्त्याची असंदिग्ध खूण कोणती ते दाखविले पाहिजे. माझ्या मते उदयनाचार्यांचे पाचवे स्तबक, त्यांच्या बुद्धीविषयी पूर्ण आदर राखूनही, तेथेच अपुरे पडते. तिसरे अद्याप अभेद्य आहे.