शिवराई आणि बट्टा

आजीच्या देव्हाऱ्यात हळदकुंकवानं माखलेली तांब्याची एक चकती होती. आजी गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि मी पहिलं काम काय केलं, तर चिंच-मीठ लावून ती लख्ख घासली. अक्षरं वर आली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवराई! शिवाजी महाराजांच्या हातून गेलेलं नाणं आपल्या तळहातावर आहे, या विचारानं रात्री झोप लागली नाही.

नाण्यांचा अभ्यास केलेल्या एका जाणत्या गृहस्थांना ती दाखवली. त्यांनी आधी विचारलं, ‘‘घासली कुणी?’’ तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट तपकिरी थर खालच्या धातूला सांभाळतो आणि नाण्याच्या वयाची साक्षही देतो. आंबट लावलं की तो जातो, सोबत ठशाच्या बारीक रेघाही झिजतात. बाजारात तिची किंमत तिथेच उतरली होती. मला मात्र वेगळंच लागलं. कुणाकुणाच्या कनवटीला आणि देव्हाऱ्यात जमलेला काळ मी एका दुपारी धुऊन टाकला होता.

मग त्यांनी वजन केलं. ९.४ ग्रॅम. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास निघालेल्या शिवराया सहसा याहून जड असतात. हाच मजकूर पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात, कंत्राटानं दिलेल्या टांकसाळींतूनही, एकोणिसाव्या शतकापर्यंत उठत राहिला. कुठे ‘शिव’चं ‘सिव’ झालं, कुठे ‘पति’ची वेलांटी बदलली. चकती ठशाहून लहान, त्यामुळे एखादं अक्षर बाहेरच राहिलं. मजकुरात दोन आडव्या रेघा आल्या की ती दुदांडी, म्हणजे उत्तरकाळातली. माझ्या शिवराईवर ‘ति’च्या खाली अशा रेघेचा अर्धा तुकडा भिंगातून दिसतो. तो रेघेचाच आहे की झीज आहे, हे मी अजून ठामपणे सांगू शकत नाही.

नवख्या माणसाला हेच जड जातं. नाव पटकन हवं असतं, आणि त्यापाठोपाठ भाव. पण वजन, व्यास, धातू, ठसा यांतून नाव सावकाश उगवतं. एकेकाळी ही पारख घराघरांत होती. मराठी मुलखात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये एकाच वेळी चालत. कोणता कुठे पूर्ण मोलानं घ्यायचा आणि कोणत्यावर किती बट्टा कापायचा, हे सराफाला माहीत असे. सरकारी खजिन्यात त्यासाठी पोतदार असे. आपण आजही कुणाच्या लौकिकाला बट्टा लागला म्हणतो, खणखणीत उत्तर देतो, बंद्या रुपयाची उपमा देतो. ही सगळी भाषा नाणं दगडावर वाजवून पाहणाऱ्या माणसांची आहे. पारख हरवली, शब्द मात्र राहिले.

ठसा वाचायला शिकलं की एका नाण्यावर दोन राजेही भेटतात. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. नहपान क्षत्रपाची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. हरलेल्या राजाची चांदी वितळवली नाही, तिच्यावरच चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह उमटवलं. अशा नाण्याचा फोटो मी कितीदा तरी पाहिला आहे. नहपानाचं नाक, कपाळाची रेघ चिन्हाखालून अजून डोकावते. हरणारा आणि जिंकणारा एका चकतीवर असे शेजारी बसलेले दुसऱ्या कुठल्या कागदपत्रात सापडायचे? मला तर ते नाणं वाचताना इतिहासाच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा त्या काळाच्या अधिक जवळ गेल्यासारखं वाटतं.

आता मी शिवराई कडेनंच धरतो. पाणीसुद्धा लावत नाही. घासलेलं तांबं दोन पावसाळ्यांत कडेनं किंचित काळवंडू लागलं आहे. आम्लरहित कागदाच्या छोट्या पाकिटावर पेन्सिलीनं नोंद केली आहे: तांबे, ९.४ ग्रॅम, ‘श्री राजा शिव / छत्रपति’, घासलेले. ‘काळ’ या शब्दापुढची जागा मोकळी ठेवली आहे.