परतण्याचे कारण



अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला जाण्याआधी आपली मुले आशीर्वादासाठी येतात. चांगलेच आहे. पर्यटक व्हिसा मागणारा कायमचा राहायलाच येतो आहे असे अमेरिकेचा कायदा, कलम २१४ बी, गृहीत धरतो. मायदेशी परतण्याचे कारण अर्जदारानेच पटवून द्यायचे असते.

माझ्या आधीच्या धर्मग्रामात एका तरुणाने पत्र मागितले. "फादर, आई म्हातारी, एकटी आहे, म्हणून मी परत येईन, असे लिहा." परतायचे नाही, हे त्यानेच मला पूर्वी सांगितले होते! चौथी आज्ञा आईवडिलांच्या मानाची, आठवी खोट्या साक्षीविरुद्ध. इथे एकाच कागदावर दोन्ही मोडत होत्या. मी नकार दिला. तो रागावून गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर त्याची आई थांबली. "फादर, त्याचा व्हिसा होईल ना?"