उंदराचें ऋण

खानदेशांतील शेतकऱ्याचा आणि उंदराचा संबंध मोठा विलक्षण आहे. कणगींतली ज्वारी फस्त करणाऱ्या उंदरासाठीं तो बाजारांतून विषाची पुडी आणतो. आणि तोच एरंडोलजवळ पद्मालयास गणपतीच्या दर्शनाला गेला म्हणजे देवाच्या वाहनापुढेंही श्रद्धेनें हात जोडतो. वरवर पाहणारास यांत विसंगति दिसेल. आम्हांस ती दिसत नाहीं. आपला घास राखण्यासाठीं मारावें लागतें, पण ज्यास मारिलें त्याचा जीव कवडीमोल होता असें मानूं नये, हा त्यांतला विवेक आहे. प्रयोगशाळेंतील उंदराच्या बाबतींत हा विवेक कोठवर टिकतो, हें पाहण्याचें आज योजिलें आहे.

याचें निमित्त आमच्या उशालाच आहे. जळगांव जिल्ह्यांतील चोपडा, यावल व रावेर, धुळें जिल्ह्यांतील शिरपूर, आणि १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा, या सातपुड्याच्या पट्ट्यांतील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. या आजारांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. हाडें व सांधे असह्य ठणकतात, रक्त कमी पडतें, पांथरी निकामी होते. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. हा दोष रेणूचा आहे हें १९४९ सालीं लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. पुढें १९५७ सालीं व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं तो नेमका हेरला: हिमोग्लोबिनाच्या लांबलचक सांखळींत एका ठिकाणीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलीन आलें आहे, इतकाच काय तो फरक. एवढ्याशा फरकानें एका मुलाचें सारें आयुष्य वेदनेच्या हवालीं होतें.

दोष सांपडला म्हणजे तो दुरुस्त करावा ही इच्छा ओघानेंच येते. पण दुरुस्ती प्रथम कोणावर करावयाची? उंदरास हा आजार निसर्गतः होत नाहीं. म्हणून १९९७ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं उंदराचीं स्वतःचीं ग्लोबिन-जनुकें निकामी करून त्यांच्या जागीं सदोष मानवी जनुक चालेल असे उंदीर जन्मास घातले. त्यांना रक्तक्षय झाला, पांथऱ्या सुजल्या, अवयव बिघडले. २००१ सालीं अशा उंदरांवर जनुकोपचार यशस्वी झाला. २०११ सालीं असें सिद्ध झालें कीं बीसीएल-११-ए नांवाचें जनुक बंद पाडलें असतां गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुन्हां तयार होऊं लागतें आणि उंदराचा आजार हटतो. याच तत्त्वावर आधारलेल्या ‘कॅसजेव्ही’ या उपचारास २०२३ च्या नोव्हेंबरांत ब्रिटननें व डिसेंबरांत अमेरिकेनें मान्यता दिली.

शेतांतला उंदीर निदान दाणे खाऊन मरतो. या उंदरानें कोणाचा एक दाणाही खाल्ला नाहीं. दुःख भोगावें याच हेतूनें त्यास जन्म दिला. येथें दोन पक्ष संभवतात. एक म्हणतो, जीव तो जीव. कोणाच्याही हितासाठीं निरपराध प्राण्यास आजारी पाडणें हें पापच. अहिंसेचें व्रत निष्ठेनें पाळणाऱ्या घरांतून आमच्या जिल्ह्यांत हें मत ऐकूं येतें, आणि त्यास हंसण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु रात्रभर वेदनेनें तळमळणाऱ्या मुलाच्या उशाशीं बसलेल्या आईस हा उपदेश करण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, मनुष्य श्रेष्ठ. उंदराचा हिशेब तो काय ठेवावयाचा? या पक्षानें सामर्थ्यालाच अधिकार मानिलें आहे. सामर्थ्यानेंच अधिकार मिळत असेल तर बलिष्ठानें दुर्बल मनुष्यासही उंदराच्या पंक्तीस बसवावयास हरकत उरत नाहीं.

आमच्या मतें खरी वाट आमच्या कायद्यानेंच सुचविली आहे. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानें प्रयोगास मोकळीक दिली, ती जीव वांचविण्यास, वेदना शमविण्यास किंवा रोगाशीं झगडण्यास उपयुक्त अशा ज्ञानासाठीं. म्हणजे ही मोकळीक सशर्त आहे. तें दान नव्हे, कर्ज आहे. आमच्या पूर्वजांनीं देवऋण, ऋषिऋण व पितृऋण सांगितलें, आणि पंचमहायज्ञांत प्राणिमात्रासाठीं भूतयज्ञही सांगितला. त्या यज्ञांत बळी जातो तो अन्नाच्या घासाचा. येथें घांस घेतला आहे तो उंदराच्या आयुष्याचा. मग फेड कशानें व्हावी?

फेड एकाच रीतीनें होऊं शकते: ज्या वेदनेच्या नांवानें उंदरास वेदना दिली ती वेदना खरोखर शमली पाहिजे. आणि येथेंच मन अस्वस्थ होतें. कॅसजेव्हीची अमेरिकेंत जाहीर झालेली किंमत २२ लक्ष डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक. ज्या उंदरानें हा उपचार सिद्ध केला त्याच्या रक्तांत घातलेला दोष आमच्या पावरा मुलाच्या रक्तांतलाच आहे. उंदीर त्या मुलाचा प्रतिनिधि म्हणून मेला; पण औषध मात्र त्या मुलाच्या दारावरून पुढें निघून गेलें.

यावर कोणी म्हणेल, नवें औषध प्रथम महागच असतें, पुढें तें उतरतें. शास्त्रज्ञास दोष कां द्यावा? शास्त्रज्ञास आम्ही दोष देत नाहीं. परंतु किंमत आपोआप उतरत नसते, ती कोणीतरी उतरवावी लागते. दिल्लीच्या सरकारी जनुकशास्त्र संस्थेनें तयार केलेला ‘बिरसा १०१’ हा जनुकोपचार २०२५ च्या नोव्हेंबरांत जाहीर झाला, आणि त्याचें तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यांत आलें, तें स्वस्त उपचाराच्याच उद्देशानें. तो सफल होवो. तोंवर रक्ताची तपासणी आहे, जिच्यासाठीं १ जुलै २०२३ रोजीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळी आहे, जी तेंच गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन वाढवून वेदनेचे झटके कमी करते. ही गोळी पाड्यापर्यंत नियमानें पोहोंचविण्यास नव्या शोधाची गरज नाहीं, पायपिटीची आहे.

प्रयोग न्याय्य होता कीं नव्हता, याचा निकाल म्हणून प्रयोगशाळेंत लागतच नाहीं. तो सातपुड्याच्या पाड्यावर लागावयाचा आहे. तेथील मूल ज्या रात्रीं न कण्हतां झोंपेल, त्या रात्रीं उंदराचें ऋण फिटलें असें म्हणतां येईल. तोंवर पद्मालयास जाऊन त्या मूषकापुढें हात जोडतांना, आपण भक्त आहों कीं ऋणको आहों, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.