भिंत कोणाची?

घर कोणाचे? ज्याने ते रचले त्याचे, की उताऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याचे? कायद्याला या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येते. नीतीला मात्र जरा थांबावे लागते. ते थांबणे का आवश्यक आहे, हे एका घराच्या कथेवरून चांगले कळते.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तें येथे, समुद्रावर झुकलेल्या खडकावर, एक पांढरे घर उभे आहे. ते १९२६ ते १९२९ या काळात बांधले गेले. आयलीन ग्रे या आयरिश स्त्रीने ते रचले. त्या १८७८ साली आयर्लंडमध्ये जन्मल्या, लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकल्या आणि पॅरिसला स्थायिक झाल्या. तेथे सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडून त्यांनी लाखकाम शिकून घेतले. आपल्याकडे सावंतवाडीची लाख किड्यापासून मिळते. जपानची ही लाख म्हणजे झाडाचा चीक. थरावर थर द्यायचे आणि प्रत्येक थर सुकण्याची वाट पाहायची, असे हे संयमाचे काम. १९२२ साली त्यांनी पॅरिसमध्ये फर्निचरचे दुकान काढले आणि त्याला 'जाँ देझेर' हे काल्पनिक पुरुषी नाव दिले. त्या काळाबद्दल याहून वेगळे काय सांगायला हवे?

किनाऱ्यावरच्या घरातले टेबल, खुर्ची, कपाट त्यांनीच योजले. पोलादी नळीचे आणि काचेच्या फळीचे एक लहान टेबल तर जगप्रसिद्ध झाले. त्याची उंची कमीजास्त करता येते आणि त्याचा पाय पलंगाखाली सरकतो; अंथरुणात न्याहारी करणाऱ्या बहिणीसाठी ते केले, असे सांगतात. माणूस कसा उठतो, कसा वाचतो, कुठे हात लांबवतो, याचा विचार आधी आणि आकाराचा नंतर, ही त्यांची रीत होती.

घर मात्र झाँ बादोव्हिची या त्यांच्या मित्राच्या नावावर होते. १९३० नंतरच्या काही वर्षांत ग्रे तेथून निघून गेल्या. पुढे बादोव्हिचींचे पाहुणे म्हणून ल कॉर्ब्युझिए तेथे येऊन राहिले. चंदीगड घडवणारे तेच थोर वास्तुविशारद. घर त्यांना फार आवडले. १९३८ साली त्यांनी ग्रे यांना प्रशंसेचे पत्रही लिहिले. आणि त्याच सुमारास, १९३८ व १९३९ मध्ये, त्यांनी त्या घराच्या भिंतींवर मोठमोठी रंगीत चित्रे काढली. मालकाची हरकत नव्हती. रचणारीला कोणी विचारले नाही. पुढे त्या चित्रांची छायाचित्रे छापून आली, तेव्हा तिचे नावही कोणी घेतले नाही. ग्रे यांना हा आपल्या कामावरचा आघात वाटला.

यात चुकले काय, असे कोणी विचारील. भिंत मालकाची, परवानगी मालकाची, चित्रकार थोर. पण कोरी भिंत म्हणजे रिकामी भिंत नव्हे. भाताच्या ताटात मोकळी जागा असते, ती वाढपी विसरला म्हणून नव्हे. त्या घरातली पांढरी शांतता हा एक निर्णय होता. तो कोणीतरी विचारपूर्वक घेतला होता. मालकी वस्तूची असते. वस्तूमागच्या विचाराची मालकी खरेदीखताने हस्तांतरित होत नाही. आणि कौतुक करणाऱ्यावर तर अधिक बंधन असते. न समजणाऱ्याने भिंत रंगवली तर तो अडाणीपणा. समजून रंगवली तर ते अतिक्रमण.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. महायुद्धात सैनिकांनी त्या घराची नासधूस केली; नंतरच्या मालकांच्या हाती ते मोडकळीला आले. तरी ते वाचले, याला ल कॉर्ब्युझिए यांची चित्रे बऱ्याच अंशी कारण झाली. पण परिणाम चांगला झाला म्हणून कृती न्याय्य ठरत नाही. चोराच्या पावलांनी घराला जाग आली, म्हणून चोराचे आभार मानायचे काय?

मग ती चित्रे आज खरवडून काढावीत? मला तसे वाटत नाही. तो दुसरा अन्याय होईल आणि पहिल्या अन्यायाचा पुरावाही त्याबरोबर जाईल. अन्यायाची भरपाई पुसण्याने होत नाही, नाव घेण्याने होते. तसे थोडेफार घडले. १९६८ साली जोसेफ रिक्वर्ट यांनी ग्रे यांच्यावर लेख लिहिला, तेव्हा त्या नव्वदीच्या होत्या. १९७६ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्या गेल्या. २००९ साली त्यांची एक खुर्ची पॅरिसच्या लिलावात सुमारे २ कोटी १९ लाख युरोंना विकली गेली. किंमत मिळाली, पण किंमत आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या घरात तरी काय असते? ओट्याची उंची, पाण्याची जागा, देवघराची दिशा कोणी ठरवली, हे दारावरच्या पाटीवरून कधी कळते का?

त्या घराचे नाव 'ई-१०२७'. ई म्हणजे आयलीन. दहावे अक्षर जे, दुसरे बी, म्हणजे झाँ बादोव्हिची. सातवे जी, म्हणजे ग्रे. जिचे नाव सगळे विसरले, तिने स्वतःच्या नावाच्या दोन अक्षरांमध्ये दुसऱ्याच्या नावाला जागा करून ठेवली होती.