खाते एक, कर्ते अनेक

कार्यालयातल्या संगणकावर नाव आणि पासवर्ड टाकून कुणी आत शिरले की यंत्र दोन वेगळी कामे करते. आधी ते शिरणारा कोण हे ठरवते, मग त्याचे घर मांडते. पहिल्या कामाचा आधार खाते, दुसऱ्याचा प्रोफाइल. रोजच्या बोलण्यात दोन्ही एकच समजली जातात. ‘आमच्या टेबलाला एक कॉमन प्रोफाइल करून द्या’ अशी मागणी येते तेव्हा घर सामाईक हवे आहे की घरात शिरणाऱ्याची ओळखच सामाईक हवी आहे, हे बहुधा मागणाऱ्यालाही ठाऊक नसते. भारतीय दर्शने हजाराहून अधिक वर्षे ज्या प्रश्नावर भांडली तो नेमका इथे उभा राहतो: आठवणी आणि सवयी म्हणजेच माणूस, की त्या ज्याच्या आहेत तो त्यांच्याहून वेगळा?

विंडोजमध्ये प्रोफाइल म्हणजे ‘युजर्स’ या फोल्डरातला एक फोल्डर. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स असतात, ब्राउझरचा इतिहास असतो आणि एनटीयूजर.डॅट नावाची एक लपवलेली फाइल असते. कीबोर्ड इनस्क्रिप्ट की फोनेटिक, छपाई कोणत्या प्रिंटरवर, पडद्यामागे डोंगर की गणपती, हे सगळे त्या फाइलीत साठते. नवा माणूस पहिल्यांदा बसतो तेव्हा ‘डीफॉल्ट’ नावाच्या फोल्डराची प्रत काढून त्याला दिली जाते. म्हणजे जन्मतः सगळे सारखे, पुढे वापराने वेगळे. शास्त्रकार ज्याला संस्कार म्हणतात, कृतीने उमटलेला आणि पुढच्या कृतीला वळण लावणारा ठसा, त्याच्याशी ही फाइल चांगलीच जुळते.

खात्याची गोष्ट निराळी. खाते तयार होते तेव्हा त्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो. तो एसआयडी. डोमेनमधल्या, म्हणजे एका सर्व्हरच्या देखरेखीखालच्या जाळ्यातल्या, खात्याचा असा क्रमांक एस-१-५-२१ ने सुरू होतो आणि त्याच्या शेवटच्या आकड्यावरून खाते ओळखू येते. मूळ प्रशासकाचा शेवटचा आकडा नेहमी ५००. त्याचे नाव बदलून काहीही ठेवले तरी ५०० सुटत नाही. फाइलींवरचे हक्क या क्रमांकाच्या नावे नोंदलेले असतात. पाठ्यपुस्तकी माणूस म्हणून देवदत्ताला घेतले, त्याचे खाते काढून टाकले आणि तासाभराने त्याच नावाने, त्याच पासवर्डने पुन्हा उघडले, तर देवदत्ताला स्वतःच्याच जुन्या फाइली उघडत नाहीत. नाव तेच, माणूस तोच, पण यंत्राच्या लेखी हा नवा जन्म आहे. युनिक्सच्या घराण्यात याच्या उलट गंमत करता येते. दोन वेगळ्या नावांना एकच युजर क्रमांक दिला की यंत्राच्या गाभ्याला तो एकच इसम दिसतो.

वेदान्तात ‘हा तोच देवदत्त’ हे उदाहरण घासून घासून गुळगुळीत झालेले आहे. मागे काशीत पाहिलेला आणि आज इथे भेटलेला यांतला स्थळकाळाचा भेद बाजूला ठेवला की जो उरतो तो देवदत्त. सर्व्हर अगदी हेच करतो. सोमवारी पहिल्या मजल्यावरचे यंत्र आणि मंगळवारी तळघरातले यंत्र हा भेद तो टाकून देतो, नाव आणि वॉलपेपरही टाकून देतो आणि क्रमांक तेवढा धरतो. मात्र कीबोर्डापुढे प्रत्यक्ष कोण बसले आहे हे त्याला दिसत नाही. पासवर्ड यज्ञदत्ताला ठाऊक असेल तर यंत्राच्या दृष्टीने यज्ञदत्त हाच देवदत्त. वेदान्त्याचा साक्षी सगळे पाहतो आणि स्वतः काही करत नाही. सर्व्हर सगळे नोंदवतो आणि पाहत मात्र काहीच नाही.

देवदत्ताचे घर त्याच्यामागे यंत्रायंत्रांवर हिंडावे यासाठी रोमिंग प्रोफाइलची सोय आहे. विंडोज एनटीच्या काळापासून ती चालत आली आहे. प्रोफाइल सर्व्हरवर राहते, लॉगिन करताना समोरच्या यंत्रावर उतरते आणि लॉगआउट करताना बदलांसह परत जाते. एका वेळी एकच यंत्र असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. देवदत्त दोन यंत्रांवर एकदम बसला की दोन देह होतात आणि एकाचे दुसऱ्याला कळत नाही. सेटिंगांच्या फाइलीपुरता नियम असा, की जो शेवटी बाहेर पडेल त्याची प्रत टिकते आणि आधी निघालेल्याचे बदल पुसले जातात. योगसूत्रांच्या कैवल्यपादात योग्याने निर्माण केलेल्या अनेक चित्तांचा विचार आहे. तिथे पतंजलींनी त्या सर्वांना चालवणारे एक चित्त मानले आहे. ते मानणे का भाग पडले, हे दोन ठिकाणी लॉगिन करून एकदा काम गमावले की चटकन पटते.

आता सामाईकपणाकडे. तो दोन तऱ्हांनी करता येतो आणि त्यांच्यातले अंतर जमीन-अस्मानाचे आहे. पहिल्या तऱ्हेत खाती अनेक आणि प्रोफाइल एक. त्याला मँडेटरी प्रोफाइल म्हणतात. प्रशासक एक नमुना नीट मांडतो, सर्व्हरवर ठेवतो, तो सर्वांना वापरण्याची परवानगी देतो आणि एनटीयूजर.डॅटचे नाव बदलून एनटीयूजर.मॅन करतो. शेवटची तीन अक्षरे बदलली की त्या घराचा स्वभावच पालटतो. आत येणाऱ्याने दिवसभर हवे ते हलवावे, रंग बदलावेत, चिन्हे इकडची तिकडे करावीत. तो बाहेर पडला की सगळे पुसले जाते आणि पुढच्याला तेच कोरे घर मिळते. धर्मशाळेच्या खोलीसारखे. प्रत्येक जण मात्र आपापल्या नावाने आलेला असतो आणि वहीत त्याची नोंद असते.

दुसऱ्या तऱ्हेत खातेच एक. एखाद्या पतसंस्थेचा काउंटर डोळ्यांसमोर आणावा. यंत्रावर ‘काउंटर१’ नावाचे खाते, पासवर्डाची चिठ्ठी कीबोर्डाखाली चिकटवलेली, तीही एका बाजूने उसवलेली. सकाळी देवदत्त, दुपारी यज्ञदत्त. डेस्कटॉपवर ‘यादी फायनल’, ‘यादी फायनल नवीन’ आणि ‘यादी फायनल नवीन २’. दुपारी यज्ञदत्त व्याजाचा तक्ता शोधायला जातो, तर अलीकडे उघडलेल्या फाइलींत सगळ्यात वर देवदत्ताने सकाळी लिहिलेला बदलीचा अर्ज. ब्राउझर त्याला देवदत्ताची मेलपेटी उघडून देऊ करतो.

देहालाच आत्मा मानणाऱ्या चार्वाकांना खोडताना उदयनाचार्यांनी ज्या गृहीतावर भर दिला ते असे, की एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नसते. स्मृती ज्याची त्याची असते, म्हणून ती धारण करणारा कुणी टिकून राहणारा मानावा लागतो. ‘काउंटर१’ मध्ये हे गृहीतच मोडते. इथे एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवते, कधी कधी नको तितके. म्हणून यंत्रातल्या आठवणींवरून माणसाची ओळख पटवता येत नाही. आठवणींचा साठा उसना देता येतो, वाटता येतो, प्रत काढून सर्व्हरवर ठेवता येतो.

करणीचे तसे नाही. क्षणिकवादी बौद्धांवर आत्मवाद्यांनी दोन दोष जोडीने लावले: कृतनाश आणि अकृताभ्यागम. टिकणारा कर्ता नसेल तर केलेल्याचे फळ करणाऱ्याला मिळत नाही आणि न केलेल्याचे फळ भलत्याच्या पदरात पडते. या दोन शब्दांचा अर्थ समजावून घ्यायला ‘काउंटर१’ इतके चोख उदाहरण सापडणे कठीण. सकाळी ठेवीदारांची फाइल पुसली गेली. नोंदीत लिहिले आहे की ‘काउंटर१’ ने पुसली. पुसणारा नामानिराळा राहिला, हा कृतनाश. चौकशीला दुपारपाळीचा माणूस उभा राहिला, हा अकृताभ्यागम. बौद्धांची बाजूही इथे ध्यानात घ्यायला हवी. आत्मा न मानता त्यांनी क्षणांची संततधार मानली आणि फळ त्याच धारेत पुढे जाते असे उत्तर दिले. लाखेच्या रंगात भिजवलेल्या सरकीतून उगवलेल्या कापसात लाली उतरावी तसे. हे उत्तर चालते ते प्रत्येकाची धार वेगळी असते म्हणून. ‘काउंटर१’ मध्ये चार धारा एकाच पन्हळीतून वाहतात आणि लाली कोणत्या सरकीची हे कुणालाच सांगता येत नाही. आत्मा माना वा न माना, हे खाते दोन्ही पक्षांना सारखेच गैरसोयीचे आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट दर्शनग्रंथ न उघडताही ठाऊक आहे, वाल्या कोळ्यामुळे. त्याने प्रत्येक हत्येमागे रांजणात एक खडा टाकला. सात रांजण भरले. लुटीवर घर चालले. नारदांच्या सांगण्यावरून त्याने बायकामुलांना विचारले, पापात वाटेकरी होणार का? सगळ्यांनी हात झटकले. मिळकत सामाईक, करणी ज्याची त्याची. रांजणांकडे एरवी कुणाचे लक्ष जात नाही, पण वाल्याचा हिशेब चोख होता: एक कृती, एक खडा, एक कर्ता. त्याच्या जागी चार दरोडेखोर एकाच रांजणात खडे टाकत असते तर नारदांचा प्रश्न विचारता आला नसता.

याच्या उलट टोकाची कथा आद्य शंकराचार्यांच्या चरित्रपरंपरेत आहे. वादात प्रतिपक्षी विदुषी उभयभारतीने कामशास्त्रावर प्रश्न विचारले तेव्हा आचार्यांनी मृत राजा अमरूच्या देहात प्रवेश केला. स्वतःचा देह गुहेत शिष्यांच्या पहाऱ्यात ठेवला. राजाचे वागणे पालटले हे मंत्र्यांच्या ध्यानात आले. एकाच खात्यावर बसणारे सहकारीही ‘हे काही आपल्या माणसाचे टायपिंग नव्हे’ हे असेच ओळखतात. पुढे काश्मीरच्या सर्वज्ञपीठावर शारदेने त्या काळातल्या आचरणावर बोट ठेवले. त्यावर आचार्यांचे उत्तर असे, की त्या देहाने केलेले या देहाला चिकटत नाही. संन्याशाच्या तोंडी हे उत्तर शोभते. देहाशी तादात्म्यच नाही अशा ज्ञान्यासाठी ते आहे. ‘ते माझ्या खात्यावरून झाले, पण मी नव्हतो’ असे म्हणणाऱ्या लिपिकाची भूमिका मात्र तशी नसते. तो खात्याशी तादात्म्य सोडत नाही, पगार त्याच नावाने उचलतो.

पश्चिमेकडे जॉन लॉकने १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत राजपुत्र आणि चांभार यांचा दाखला घातला. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेली तर राजपुत्राच्या कृत्यांचा जाब त्या देहातल्या व्यक्तीनेच द्यायचा, असे त्याचे म्हणणे. लॉकच्या मते ‘व्यक्ती’ हा मुळात न्यायाच्या दरबारातला शब्द आहे. कृत्ये आणि त्यांचा दोष कुणाच्या माथी, हे ठरवण्यासाठीचा. स्मृतीवर त्याने जेवढा भार टाकला तेवढा ती पेलत नाही हे ‘काउंटर१’ वरून दिसतेच. पण ओळखीचा प्रश्न अखेर जबाबदारीचा आहे ही त्याची नजर इथे नेमकी लागू पडते. भारतीय कायद्यानेही तीच वाट धरली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६सी दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा मानते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

मग सामाईक काम करायचे कसे? उत्तर सातबाऱ्यावर आहे. सामाईक खात्यातली जमीन वाटून घेतलेली नसते, प्रत्येकाचा हिस्सा अविभक्त असतो, तरी उताऱ्यावर सगळ्यांची नावे एकाखाली एक असतात. ‘भाऊबंद’ एवढेच लिहून तलाठी मोकळा होत नाही. संगणकावर हीच रचना गटाने करता येते. देवदत्त आणि यज्ञदत्त यांची खाती वेगळी ठेवावीत, दोघांना ‘काउंटर’ नावाच्या गटात घालावे आणि यादीचा फोल्डर सर्व्हरवर ठेवून त्याचे हक्क गटाला द्यावेत. दोघांना सारखेच डेस्कटॉप हवे असेल तर मँडेटरी प्रोफाइल आहेच. बदली झाली की माणूस गटातून काढायचा, फोल्डराला हात लावायचा नाही. लॉगिनची नोंद, विंडोजच्या सुरक्षा नोंदवहीत ४६२४ क्रमांकाची, मग माणसाच्या नावाने पडते. कामाच्या फाइलींची फेरफार-तपासणी चालू केलेली असेल तर तीही.

काही ठिकाणी हे जमत नाही. जुने यंत्र एकाच खात्यावर चालणारे असते, किंवा रुग्णालयातल्या एखाद्या पडद्यापुढे लॉगिन-लॉगआउट करण्याइतकीही उसंत नसते. तिथे खाते सामाईक ठेवावेच लागते. मग कर्ता नोंदवण्याचे काम यंत्राबाहेर कागदी वहीकडे जाते: वेळ, नाव, सही, चार्ज घेतला, चार्ज दिला. सरकारी कार्यालयांत खुर्ची टिकते आणि माणसे बदलतात. तिथे ही वही संगणकापेक्षा जुनी आणि अनेकदा जास्त भरवशाची आहे.

राहता राहिले खात्याचे मरण. माणूस निवृत्त झाला की त्याचे खाते काढून टाकावे असे वाटते, पण जाणते प्रशासक ते लगेच काढत नाहीत, आधी नुसते बंद करतात. खाते खरोखर काढले तरी त्याने बनवलेल्या फाइलींवरचे हक्क जागेवरच राहतात. फाइलीच्या गुणधर्मांत ‘सुरक्षा’ उघडले की नावांच्या यादीत जिथे देवदत्त होता तिथे एस-१-५-२१ पासून सुरू होणारा लांबच लांब क्रमांक दिसतो आणि शेजारी ‘अज्ञात खाते’ एवढेच. त्या क्रमांकाला आता नाव नाही, प्रोफाइल नाही, आणि यंत्र तो पुन्हा कुणालाही देत नाही.