गोणीखालचा गुडघा

भंडारदऱ्याला आलो तो पिशवीत एक जुनी वही घेऊन. ती धरणाच्या पाण्यात सोडून मोकळं व्हायचं, एवढंच मनात होतं.

मामांचं या भागात किराणा दुकान होतं. हिरड्याची खरेदीही तिथेच चाले. मामा गेले, त्यांच्या घराचा माळा आवरताना लाल कापडी पुठ्ठ्याची ही वही हाती आली. उघडली, तर अक्षर माझं. 1978 सालचा उन्हाळा. मी सतरा वर्षांचा होतो आणि सुट्टीत दुकानावर बसत होतो.

त्याच सुमारास मुलाने मला एक जुनी फ्रेंच मालिका लावून दिली होती. आर्सेन लुपँ या सभ्य चोराची. मॉरिस लब्लाँने 1905 साली हा चोर कथेत आणला आणि 1971 ते 1974 या काळात जॉर्ज देक्रिएर या नटाने तो छोट्या पडद्यावर उभा केला. सव्वीस भाग. मी ते अधाशासारखे पाहिले. लहानपणी बाबुराव अर्नाळकरांचा काळा पहाड वाचताना व्हायचा तोच आनंद पुन्हा झाला. लबाड धनिकाची तिजोरी फुटली की मला मनापासून बरं वाटे. आपण या चोराच्या बाजूचे, गरिबाच्या बाजूचे, असंच मी धरून चाललो होतो. लब्लाँच्या अगदी पहिल्याच कथेत लुपँ एका सरदाराच्या वाड्यात शिरतो, काहीही न घेता परततो आणि आपलं कार्ड ठेवून जातो: सामान अस्सल असेल तेव्हा पुन्हा येईन. चोरी करणारा आपल्या नावानिशी करतो, हे मला फार आवडलं होतं.

मग ही वही सापडली.

आदिवासी बाया डोंगरातून बाळहिरडा वेचून, वाळवून, डोक्यावर गोण्या घेऊन यायच्या. काटा आढ्याला टांगलेला असे. गोणी आकड्याला अडकवली की मी शेजारी उभा राहून काट्याकडे बघत बघत तिला खालून गुडघा लावायचो. फार नाही, जरासाच. चाळीस किलोची गोणी सदतीस भरायची. त्यातून दोन किलो कडता म्हणून कापायचे. मग पावसाळ्यात नेलेल्या तांदळाची उचल वळती करायची. उरलेले पैसे पदरात टाकले की शाईच्या पॅडवर तिचा अंगठा धरायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायचा आणि वहीत दाबायचा. भाताच्या चिखलात राबून त्या अंगठ्यांना भेगा पडलेल्या असत. पन्नास वर्षं होत आली, पण त्या भेगा पानावर पांढऱ्या रेघांसारख्या अजून दिसतात.

त्या मला ‘शेठ’ म्हणायच्या. मी त्यांना ‘ए मावशे’ म्हणायचो.

गुडघा लावायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मामांनी सांगितलं, असं म्हणून सुटता आलं असतं, पण ते खरं नाही. मी एकदा करून पाहिलं, कुणी काही बोललं नाही, संध्याकाळी गल्ल्यात फरक दिसला आणि मामांनी पाठ थोपटली. ते थोपटणं मला हवंहवंसं वाटलं. इतकंच कारण होतं. घरात कुणाला उपास घडत नव्हता.

भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. महादेव कोळी समाजातले. वडील इंग्रजांच्या पोलिसांत होते. राघोजींनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि सावकारांवर धाडी घातल्या. सावकारांची नाकं कापल्याच्या, कर्जाचे कागद जाळल्याच्या हकिगती इथे अजून सांगतात. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. पुढे 1875 साली सुप्यापासून पेटलेला शेतकऱ्यांचा उठाव नगर जिल्ह्यातही पसरला, तेव्हाही लोकांनी सावकारांकडून आधी मागितले ते कर्जरोखे, आणि जाळलेही तेच. माणसं मारण्यापेक्षा त्यांना कागद नाहीसा व्हायला हवा होता.

राघोजींची गोष्ट मी शाळेपासून अभिमानाने ऐकत आलो. ती सांगताना माझाही ऊर भरून यायचा. त्या गोष्टीत मी कुठे असतो, हे मात्र कधी विचारलं नाही. डोंगरात त्यांच्याबरोबर नसतोच. मी असतो दुकानात, गादीवर, वही मांडीवर घेऊन. आणि लुपँच्या गोष्टीतही मी त्या चोराच्या शेजारी नसतो. तो स्वतःचं कार्ड ठेवून जातो. माझ्या चोरीखाली मात्र अंगठा तिचाच आहे, जिची चोरी झाली.

1926 साली पुरं झालेलं हे धरण. ज्या जलाशयाला आता राघोजींचं नाव दिलं आहे, त्याच्या काठावर मी बराच वेळ बसलो होतो. वही पिशवीतून काढली, दोन्ही हातांत धरली. ऋणकोने कागद जाळला तर तो सुटतो. मी ही वही बुडवली तर कोण सुटणार होतं? मीच. वाळल्या हिरड्यातले ते तीन किलो, तो कडता, सगळं पाण्याखाली गेलं असतं आणि मी जेवायला घरी गेलो असतो.

एका पानावर एका मावशीच्या नावापुढे वाडीही लिहिलेली आहे. घाटघरच्या वाटेला लागते ती. मावशी आता नसेलच बहुधा. घरात कुणी असेल. उद्या सकाळी तिथे जायचं, पान उघडून त्यांच्यासमोर ठेवायचं, सदतीसचा आकडा दाखवायचा आणि गोणीखाली गुडघा कुणाचा होता, ते सांगायचं. पैसे घेतील की उठून जा म्हणतील, ते त्यांनी ठरवावं.