उठून जाण्याचे पुण्य

अन्याय डोळ्यांदेखत घडत असता तेथून उठून जाणे हा निषेध होय, की पलायन? या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक आहे, अशी आमची दीर्घकाळ समजूत होती. वाईच्या घाटावर एका सायंकाळी ती ढळली.

भाचीची हळद होती. वधूची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी विधवा झालेली. लेकीस हळद लावावी म्हणून तिने हात पुढे केला, तोच एका वडीलधाऱ्या बाईंनी वाटी हळूच मागे घेऊन म्हटले, "तू राहू दे गं." स्वर मायेचा होता, म्हणूनच तो अधिक झोंबला. आम्ही ताडकन उठलो आणि कोणाशी न बोलता बाहेर पडलो.

कृष्णेच्या पायरीवर एक अनोळखी वृद्धा बसली होती. संताप मनात मावेना, म्हणून तिला सारे सांगितले; खरे म्हणजे आमच्या बाणेदारपणास शाबासकी हवी होती. तिने शांतपणे विचारले, "अन् बहीण कुठं हाय?"

"घरीच."

क्षणभराने ती म्हणाली, "माझ्या नातवाची बी आज हळद हाय. कुनी ऊठ म्हनायच्या आदीच मी उठून आले."

आम्ही निरुत्तर झालो. दोघेही मंगलकार्यातून निघून आलो होतो. पण तिला तेथे जागाच नव्हती, आणि आम्ही आमची मानाची जागा घटकाभर रिकामी ठेवली होती, इतकेच.

घरी परतलो तेव्हा हळद आटोपली होती. पाहुण्यांस चहा देता देता बहिणीने विचारले, "दादा, तू कुठे होतास?"

विधवाविवाहास कायद्याने १८५६ साली मान्यता दिली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असे राज्य सरकारने त्याच महिन्यात सुचविले. हे सारे स्तुत्यच. परंतु मागे ओढलेली वाटी पुन्हा पुढे करण्याचे काम कोणताही ठराव करीत नाही. ते त्या खोलीतल्याच कोणीतरी करावे लागते, आणि ज्याच्या शब्दास तेथे वजन आहे त्यानेच ते करावयाचे असते. असा मनुष्य रागाने निघून जातो तेव्हा स्वतःचे मन तेवढे स्वच्छ ठेवतो. पीडिताचा एकुलता आधार मात्र सोबत घेऊन जातो. ज्यास उठविले जाते, त्याच्या शेजारी बसून राहणे हाच अशा प्रसंगी खरा निषेध होय. त्या सायंकाळी आम्ही तो केला नाही.